बाळंतिणीच्या खोलीतली काच

माणसं खोटं बोलतात, भिंत बोलत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. तडा का गेला हे भिंत सांगते, फक्त विचारणाऱ्याला विचारता आलं पाहिजे. ओव्हरसिअरची परीक्षा पास होऊन मी ठाण्याच्या एका ठेकेदाराकडे लागलो, तेव्हा मला विचारता येतं अशी माझी पक्की समजूत होती. ती चार वर्षं टिकली. काही भिंती तेवढ्या टिकल्या नाहीत, पण त्या माझ्या आधीच्या माणसाने तपासलेल्या होत्या.

आमचं काम जुन्या इमारतींचं. नवं बांधायचं तर सिमेंटला परमिट, लोखंडाला परमिट, आणि परमिट मिळेपर्यंत बांधणाऱ्याची हौस फिटायची. त्यापेक्षा आहे तेच टेकू देऊन उभं ठेवायचं, असं ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी राहायला डोंबिवलीला. तिथे तेव्हा स्टेशन सोडलं की भातखाचरं लागायची. सकाळी ठाण्याला नाहीतर कल्याणला जायचं, भिंती बघायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचं. घरी कामाचं बोलायचं नाही, हा माझा बाणा होता. बायकोला पाया, जोतं, तुळई यातलं काय कळणार, असंही मनात होतंच. ते कशाला लपवू?

भिंतीला विचारायची रीत सोपी होती. तडा दिसला की लगेच लिंपायचा नाही. काचेची एक पट्टी घ्यायची, दोन बोटं रुंद, वीतभर लांब. ती तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला चिकटवायची आणि पेन्सिलीने त्या प्लास्टरवर तारीख घालायची. मग महिन्याच्या महिन्याला येऊन बघायचं. भिंत हलत असेल तर काच फुटते, कारण काचेला लवणं माहीत नाही. काच शाबूत राहिली तर तडा जुना, मेलेला समजायचा, लिंपायचा आणि मोकळं व्हायचं. काच फुटली तर मात्र पाया उकरून बघायचा. मी या काचांवर फार खूश होतो. काचेला भाडं वाढवायचं नसतं की भाडेकरू घालवायचा नसतो.

आमच्याकडचा म्हातारा गवंडी मात्र काचांवर खूश नव्हता. तो कोलशेतचा, घरचे सगळे पिढ्यान् पिढ्या मिठागरात. हा एकटाच थापी घेऊन बाहेर पडलेला. भिंतीचा पोपडा काढून तो जिभेवर ठेवायचा आणि खारट लागला की "खारीची रेती" म्हणून थुंकायचा; खारी म्हणजे खाडी. मला तो साहेब म्हणायचा आणि पुढचं सगळं बोलणं अरे-तुरेत करायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, भिंती चाटून दुरुस्त होत नाहीत." तो म्हणाला, "मंग काच लावून व्हतान काय?" त्यानंतर मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

कल्याणच्या बाजारातली ती इमारत एका भुसार व्यापाऱ्याची. खाली शेठचं दुकान आणि तांदळाच्या पोत्यांची थप्पी, वर माडीवर एका नर्सबाईंचं बाळंतपणाचं घर. तीन खाटा, एक न्हाणी, एक चूल आणि बाई. आजूबाजूच्या निम्म्या पोरांनी तिथेच पहिला टाहो फोडलेला. बाई पन्नाशीच्या, विधवा, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. माडीच्या कोपऱ्यात खिडकीपासून खालपर्यंत तिरपा तडा गेला होता. तो खोलीत खाटेशेजारी दिसायचा आणि भिंतीच्या पलीकडे व्हरांड्यातही दिसायचा. इमारत धोक्याची असेल तर बाईंना जागा सोडावी लागणार होती, आणि तेवढ्या भाड्यात तीन खाटांची दुसरी जागा कल्याणात कुठे नव्हती. शेठला हो की नाही एवढंच हवं होतं.

होळीनंतर मी आणि गवंडी तिथे गेलो. मी दोन काचा लावल्या, एक खाटेशेजारी, एक व्हरांड्यात. खालची भिंत बघायची राहिली, कारण पोती छताला भिडली होती आणि ती हलवायला शेठ कां कूं करत होता. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"तपासणीसाठी. याला हात लावायचा नाही."

"बरं."

एवढंच आमचं बोलणं झालं. गवंडी तोवर न्हाणीत जाऊन बसला होता. तिथून पाण्याचा नळा भिंतीच्या कोपऱ्यातून खाली गेला होता. बाळंतिणीची न्हाणी ती, दिवसाला किती बंब पाणी जात असेल ते देव जाणे. गवंडी म्हणाला, "साहेब, मोरीत मूठभर नील सोर. उद्या पाया उकरून बघू. माती निली दिसली तर पानी खाली मुरतं. भित बसतं ती पान्यान."

मी म्हणालो, "आधी काच काय म्हणते ते बघू."

"काच काय म्हननार? तिचा त्वांड बांधलाय दोनी बाजूनी."

मी नीळ सोडली नाही. डिप्लोमा मी केला होता, त्याने नव्हे.

महिन्याने गेलो, काचा शाबूत. दुसऱ्या महिन्याला गेलो, शाबूत. तिसऱ्या महिन्याला गेलो, तर शाबूत तर होत्याच, वर अशा लखलखीत की भांगही पाडून घ्यावा. इतर घरांत माझ्या काचांवर महिनाभरात धूळ, जळमटं, एकीवर तर कुणी कुंकू लावून ठेवलेलं. इथे एक डाग नाही. बाईंच्या टापटिपीचं मी तोंड भरून कौतुक केलं. "असे भाडेकरू हवेत," असं शेठला मुद्दाम सांगितलं. मग कागदावर लिहिलं: तडा जुना आहे, हालचाल नाही, इमारत राहण्यास योग्य. खाली झोकात सही केली. बाईंनी मला बाळंतिणीसाठी केलेला डिंकाचा लाडू दिला. तो मी मिटक्या मारत खाल्ला.

त्याच सुमारास बायकोला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी, रत्नागिरीकडे झालं होतं. दुसरं इकडेच करायचं ठरलं. मी म्हटलं, कल्याणला त्या बाईंकडेच जाऊ. बायकोने विचारलं, "ती बाजारातली जुनी इमारत ना? पक्की आहे का ती?"

मी म्हणालो, "माझी सही आहे तिच्यावर."

नवऱ्याची सही म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. रेशनकार्डावरही तीच होती.

भाद्रपद संपता संपता मी तिला कल्याणला पोचवली. थोरल्या मुलाला डोंबिवलीत शेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोचलो तर कळा सुरू झालेल्या. बाईंनी मला खोलीच्या दारातूनच परत फिरवलं. "पुरुषांचं इथलं काम नऊ महिन्यांपूर्वीच आटोपलं. बाहेर बसा," म्हणाल्या. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. समोर माझी काच होती. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून काचेकडे बघत होतो.

टच्, असा आवाज झाला. नखाने कौलाच्या खापरीवर टिचकी मारावी तेवढाच. काचेवर मधोमध एक रेघ उमटली.

मी उठून जवळ गेलो. तारीख होळीनंतरचीच, मी घातलेली. पण अक्षर माझं नव्हतं. माझा पाच असा पोट सुटलेला नसतो. मी त्या पाचाकडे बघत उभा होतो. तेवढ्यात बाई गरम पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी काच बघितली आणि जिभेने चक् केलं.

"परत? आज दुसरी ही!"

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. फडताळातून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. डब्यात काचेच्या पट्ट्या होत्या, पुडीत प्लास्टर होतं, एक बोथट सुरी आणि पेन्सिलीचा तुकडा होता. मी पट्ट्या मोजल्या. सात होत्या.

"बाई, हे काय करताय?"

"काच बदलतेय, दुसरं काय? बाळंतिणीच्या घरात फुटकी काच ठेवतात का कुणी? तिची नजर जाते तिच्यावर. अपशकुन नुसता."

"अशा किती बदलल्यात?"

"मोजतंय कोण! आधी महिना-पंधरा दिवसांनी एखादी जायची. पावसाळ्यापासून आठवड्याला एक. तुमची काचच हलकी हो. मी आपली तसबिरीवाल्याकडून चांगली जाड कापून आणली, तर तीही मेली टिकत नाही."

"अहो, मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून!" मी ओरडलोच.

"ओरडू नका, आत बाई अडलीय. आणि लावला नाही हो हात. धड काचेला कधी बोट लावलं नाही मी. फुटक्या काचेचं तुम्ही काही बोलला नव्हतात."

मग मी त्यांना ती काच कशासाठी असते ते सांगितलं. तीन वाक्यांत झालं. सहा महिन्यांत ती तीन वाक्यं बोलायला मला सवड झाली नव्हती. बाईंच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग खोलीच्या दाराकडे.

"मूल खाली सरकलंय," त्या म्हणाल्या. "तिला आता जिना उतरवता येणार नाही. मला दोन तास लागतील. दोन तास ती भिंत धरा." आणि पातेलं उचलून आत गेल्या.

जिना कसा उतरलो ते आठवत नाही. आमचं दुसरं एक काम पारनाक्याजवळ चाललं होतं, गवंडी तिथे होता. शेठच्या एका हमालाला त्याला आणायला पिटाळलं. दुसऱ्याला लाकडाच्या वखारीवर टेकूच्या बल्ल्या आणायला पाठवलं. माडीवर आणखी एक चार दिवसांची बाळंतीण होती, तिला पोरासकट खाली आणून शेठच्या गादीवर निजवलं. शेठ वर छताकडे बघत होता.

गवंडी आला. त्याने पहिल्यांदा कोपऱ्यातली पोती बाजूला करायला लावली. पोत्यांमागची भिंत पुरुषभर उंचीपर्यंत ओली होती आणि तड्यात अंगठा जात होता. त्याच कोपऱ्यावर माडीची मुख्य तुळई टेकलेली आणि तुळईच्या वर बरोबर माझ्या बायकोची खाट. गवंड्याने पोपडा काढला, जिभेवर ठेवला, थुंकला. मग माझ्याकडे बघितलं. तो आता काही बोलला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो एवढंच म्हणाला, "बल्ल्या येईपरत ह्यो तांदूलच लावू."

तुळईखाली पोत्यांचा खांब रचायला घेतला. दोन पोती उभी, दोन आडवी, पुन्हा दोन उभी. रेशनिंग उठून थोडेच दिवस झालेले, शेठने दुकान हौसेने भरलं होतं. "अरे, तो जुना कोलम आहे, तळाला घालू नका," एवढं एकदा त्याच्या तोंडून निघालं. मग त्यालाच लाज वाटली असावी. धोतर खोचून तो हमालांच्या बरोबरीने पोती ओढू लागला. वर फळ्या टाकल्या. फळ्या आणि तुळई यांच्यामध्ये लाकडी पाचरी ठोकून खांब घट्ट करायचा होता. पाचर बसली की तुळईचा भार भिंतीवरून उतरून पोत्यांवर येणार.

गवंड्याने पहिला घाव घातला. तुळई थरारली, माडीवर चुना पडल्याचा आवाज झाला आणि बायकोची किंकाळी आली.

"कोण ठोकतंय रे मेल्यांनो?" बाई जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडल्या. "दचकतेय ती!"

"ठोकल्याबिगार पाचर बसत नाय, बाय," गवंडी खालून म्हणाला.

बाई म्हणाल्या, "कळ आली की मी 'हां' म्हणेन, तेव्हा ठोका. तेव्हा तिला दुसरं काही कळत नाही. कळ गेली की हात थांबवा."

पुढचा तास-दीड तास तसंच चाललं. वरून 'हां' आलं की गवंडी चार-पाच घाव घालायचा, वरून बायको ओरडायची, आणि मग दोन्ही एकदम थांबायचं. वखारीतून बल्ल्या आल्या, त्याही एकेक करून 'हां'च्या तालावर बसवल्या. मी एक बल्ली छातीशी धरून उभा होतो. चुना डोळ्यांत जात होता आणि हात सोडता येत नव्हता. मी भयंकर घाबरलो होतो. हमाल मनात रामाचं नाव घेत होते, शेठ उघड घेत होता. मला कुणाचं नाव घ्यायची लाज वाटत होती, कारण त्या कागदावरची सही देवाची नव्हती. बायको वर मेली तर तिला मी मारली, एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं.

शेवटचा 'हां' थांबेचना. गवंड्याने घातलेले घाव मी मोजले, अकरा झाले. मग तो थांबला, कारण वरून बाळाचं रडणं ऐकू आलं. गवंड्याने शेवटच्या पाचरीला हात लावून बघितलं, हातोडा खाली ठेवला आणि शेठकडे चहा मागितला. मी बल्ली धरून रडत होतो. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. "सोर आता," म्हणाला, "ती आपली आपन उभी हाय."

मुलगी झाली होती.

त्या भिंतीचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी न्हाणीत मूठभर नीळ सोडली आणि तिसऱ्या दिवशी कोपरा उकरला. माती निळी होती, अगदी धोब्याच्या हौदासारखी. वर्षानुवर्षांच्या बाळंतिणींच्या अंघोळी त्या पायाखाली जिरल्या होत्या. फुटलेला नळा काढून नवा बाहेरून घेतला. पायाखालची भुसभुशीत माती एका वेळी दोन-दोन हात काढून तिथे दगड-चुना भरला. सगळी एकदम काढली असती तर भिंत खड्ड्यात आली असती. दोन महिने लागले. तेवढे दिवस बाईंनी शेठच्या गोदामात खाटा टाकल्या, आणि त्यांची जागा काही गेली नाही. मी माझा कागद परत घेतला. ठेकेदाराने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं. पुढे कुठेही काच लावली की मी आधी घरातल्या बायकांना बोलावून घ्यायचो आणि ती कशासाठी आहे ते सांगायचो, दोनदा. लोकांना मी बडबड्या वाटू लागलो.

पण त्या दिवशी संध्याकाळी हे काहीच झालेलं नव्हतं. सहा बल्ल्या आणि तांदळाच्या खांबावर ती माडी उभी होती. सकाळपर्यंत बाळंतिणीला हलवायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं, आणि सकाळपर्यंत काही होत नाही, असं गवंड्याने. दिवेलागणीला मला आत जाऊ दिलं. बायको खाटेवर पडली होती. चेहरा पांढराफटक. मुलगी तिच्या कुशीत, भिंतीकडच्या बाजूला. डोक्याशी भिंतीवर नवीकोरी काच होती. तारखेतला पाच पोट सुटलेला.

"खाली कोण ठोकत होतं हो?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. काच कशाला लावतात, ती फुटली म्हणजे काय, बाईंचा डबा, माझा कागद. माझं झाल्यावर तिने त्या काचेकडे बघितलं.

"सकाळची मीच बदलायला लावली," ती म्हणाली.

"काय?"

"पहाटे माझ्या डोळ्यांदेखत फुटली ती. बाई म्हणाल्या, मागाहून बघू. मीच म्हटलं, नको, आत्ताच बदला, बरं नाही दिसत." तिचा आवाज बसला होता. "मला काय ठाऊक? तुम्ही कधी सांगितलंत का?"

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत मी किती घरांत काचा लावल्या त्याला गणती नव्हती. माझ्या घरात त्या कशासाठी असतात हे कुणाला माहीत नव्हतं. मी एरवी चिडलो असतो, ती माझी रीतच होती. तेव्हा चिडायला काही शिल्लकच नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे वाक्य मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होतो. मग काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हणालो, "पण आता काळजी नाही. खालून पक्के टेकू दिलेत. ही भिंत आता हलत नाही."

"हो," ती म्हणाली. आणि अवघडत कूस बदलून तिने मुलीला भिंतीकडून उचललं आणि अलीकडच्या बाजूला घेतलं.